एक गुन्हा, एक खटला

१३ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला सुरू झाला. मराठी माणसाला या खटल्याचा शेवट पाठ आहे: २२ जुलैची रात्र, ज्यूरीचा सात विरुद्ध दोन असा निकाल, त्यावर टिळकांनी काढलेले उद्गार आणि सहा वर्षांची शिक्षा. मात्र पहिल्याच दिवशी, ज्यूरीपुढे पुरावा येण्याच्याही आधी, जो वाद झाला तो फारसा कोणाच्या लक्षात नाही. ‘केसरी’तल्या दोन लेखांवर सरकारचा रोख होता. ‘देशाचे दुर्दैव’ हा लेख १२ मेचा आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा ९ जूनचा. दोन्हींच्या मागे मुझफ्फरपूरच्या बाँबची घटना होती, पण लेख दोन होते आणि त्यांत चार आठवड्यांचे अंतर होते. पहिल्या लेखावरून टिळकांना २४ जूनला अटक झाली आणि दुसऱ्याचे वॉरंट त्यांच्या हाती तुरुंगात पडले. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ही दोन प्रकरणे वेगवेगळी ठेवूनच उच्च न्यायालयाकडे पाठवली होती. सरकारला मात्र ती एकाच ज्यूरीपुढे, एकाच खटल्यात चालवायची होती. टिळकांनी हरकत घेतली. स्वतःचा बचाव स्वतः करणाऱ्या या आरोपीची हरकत तांत्रिक वाटते आणि चरित्रकार बहुधा ती दोन ओळींत उरकतात. माझ्या मते त्या खटल्यातल्या कायद्याच्या प्रश्नांत हाच प्रश्न आजच्या आरोपीच्या सर्वांत जवळचा आहे, कारण तो अजून सुटलेला नाही.

तेव्हा लागू असलेल्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २३३ वे कलम होते. प्रत्येक स्वतंत्र गुन्ह्यासाठी स्वतंत्र दोषारोप असावा आणि अशा प्रत्येक दोषारोपाची चौकशी स्वतंत्र व्हावी, असे ते सांगत होते. हा मूळ नियम. लगेच पुढे त्याचे अपवाद येतात. कलम २३४ प्रमाणे एकाच प्रकारचे गुन्हे बारा महिन्यांच्या आत घडले असतील, तर जास्तीत जास्त तीन गुन्हे एकत्र चालवता येत. कलम २३५ प्रमाणे एकाच व्यवहाराच्या ओघात घडलेले किंवा एकाच कृत्यातून दोन कलमांखाली होणारे गुन्हे एकत्र घेता येत. टिळकांवर शेवटी तीन दोषारोप ठेवले गेले: दोन्ही लेखांबद्दल १२४-अ, म्हणजे राजद्रोह, आणि दुसऱ्या लेखाबद्दल १५३-अ, म्हणजे समाजाच्या दोन वर्गांत वैर पसरवणे. राजद्रोहाचे दोन आरोप पहिल्या अपवादात बसतात. एकाच लेखाबद्दलची दोन कलमे दुसऱ्यात बसतात. पण १२ मेचा राजद्रोह आणि ९ जूनचा वर्गद्वेष एकाच खटल्यात कोणत्या अपवादाने येतात? दोघांचा प्रकार एक नाही आणि कृत्यही एक नाही. ते एकत्र येतात ते केवळ दोन्ही अपवाद एकमेकांना जोडून. मूळ नियमाला दिलेल्या सवलती अशा साखळीसारख्या ओवता येतात का, हा टिळकांच्या आक्षेपाचा गाभा होता.

दावर यांनी आक्षेप फेटाळला. शिक्षा सुनावताना मात्र तिन्ही दोषारोप पुन्हा सुटे झाले. राजद्रोहाच्या प्रत्येक आरोपाबद्दल तीन वर्षे काळे पाणी, एक शिक्षा संपल्यावर दुसरी सुरू होणार, आणि तिसऱ्या आरोपाबद्दल एक हजार रुपये दंड. चौकशी एकत्र, शिक्षा मात्र वेगवेगळी! पुढे प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची परवानगी मागताना हाच मुद्दा मुख्य न्यायाधीश बेसिल स्कॉट यांच्या पीठापुढे आला आणि तेथेही दोषारोपांची जुळणी कायदेशीर ठरली. टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे अपिलाच्या खटपटीसाठी विलायतेला गेले, त्यालाही यश आले नाही. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. एकत्र चौकशीमुळे शिक्षा दुप्पट झाली असे म्हणता येणार नाही. दोन ज्यूरींपुढे दोन खटले चालले असते तरी तीन अधिक तीन होऊ शकले असते. राजद्रोहाच्या एका आरोपाला जन्मभराचे काळे पाणी देण्याची मुभा कायद्यात होतीच. प्रश्न शिक्षेच्या बेरजेचा नव्हता. पहिला लेख वाचताना ज्यूरीच्या डोळ्यांपुढे दुसरा लेख होता आणि दुसरा वाचताना पहिला. कोणताही एक लेख एकट्याने तोलला गेलाच नाही. सात युरोपियन आणि दोन पारशी अशा नऊ जणांच्या ज्यूरीने ते वजन केले. दोन्ही लेख मूळ मराठीत होते आणि ज्यूरीपुढे होती ती भाषांतरे. अशा वेळी लेख एकेकटा वाचला जाण्याला फार मोल होते.

हा नियम इंग्रजी न्यायपरंपरेतल्या जुन्या शहाणपणातून आला. गंभीर गुन्ह्याचा खटला चालताना आरोपीपुढे आणि ज्यूरीपुढे एकच प्रश्न असावा, असा तेथल्या न्यायाधीशांचा कल होता. हिंदुस्थानात मात्र त्याला निव्वळ प्रथेचे नव्हे, तर कलमाचे रूप मिळाले. १८७२ च्या संहितेत तो होता, १८८२ च्या संहितेत त्याला २३३ हा क्रमांक मिळाला आणि १८९८ मध्ये तो तसाच पुढे आला. त्याची खरी कसोटी लागली ती मद्रासमध्ये. सुब्रह्मण्य अय्यर या आरोपीवर एकाच खटल्यात तब्बल एक्केचाळीस कृत्ये लादली गेली होती आणि ती दोन वर्षांच्या काळात पसरलेली होती. कायदा म्हणत होता तीन गुन्हे आणि एक वर्ष. मद्रास उच्च न्यायालयाच्या ध्यानात चूक आली, पण त्याने वाट काढली. नियमात न बसणारे आरोप बाजूला काढले, उरलेल्यापुरता पुरावा वेगळा केला आणि तेवढ्यावर शिक्षा कायम ठेवली. १९०१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ही वाट बंद केली. लॉर्ड चॅन्सेलर हॅल्सबरी यांनी दिलेल्या निकालाचा आशय असा: चौकशी कोणत्या रीतीने व्हावी हे कायद्याने स्पष्ट सांगितले असता ते मोडणे ही किरकोळ अनियमितता नव्हे, आणि किरकोळ चुका पोटात घालणारे ५३७ वे कलम येथे उपयोगी पडत नाही. त्यापुढचा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. जे टाळावे म्हणून कायदा केला ते आधीच घडून गेले होते. एवढ्या आरोपांचा ढीग ज्यूरीसमोर येऊन गेला, त्याचा मनावर झालेला परिणाम मागाहून निकालाची चिरफाड करून आणि दोषाचा शिक्का योग्य तेवढ्या भागावर चिकटवून पुसता येत नाही.

माझे सारे म्हणणे या एका विचारावर उभे आहे. असंबद्ध आरोप एकत्र चालवल्याने होणारे नुकसान असे आहे की ते निकालानंतर मोजता येत नाही. एखादा साक्षीदार तपासायचा राहिला तर अपिलात सांगता येते की तो असता तर अमुक बाहेर आले असते. चौथ्या आरोपाच्या सावलीत पहिल्या आरोपाचा अर्धवट पुरावा पुरेसा वाटू लागला, हे कशाने सिद्ध करायचे? निकालपत्रात प्रत्येक आरोपाची चर्चा वेगळ्या परिच्छेदात असते, प्रत्येकाखाली त्याचा त्याचा पुरावा मांडलेला असतो आणि कागदावर सगळे नीट दिसते. मनात काय मिसळले ते कागदावर उमटत नाही. म्हणून या नियमाची राखण खटला सुरू होण्याआधीच करावी लागते. पुढच्या सव्वाशे वर्षांचा इतिहास मात्र ती राखण शेवटाकडे ढकलली गेल्याचा आहे.

हे एका फटक्यात झाले नाही. १८९८ च्या संहितेतच अफरातफरीसाठी वेगळी सोय होती: वर्षभरात खाल्लेली एकूण रक्कम सांगितली की पुरे, ती सगळी मिळून एक गुन्हा धरायची. १९३८ मध्ये बाबुलाल चोखानी यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्यातल्या वीजचोरीचे प्रकरण आले. एकत्र चौकशी कायदेशीर आहे की नाही हे आरोप ठेवतानाच्या चित्रावरून ठरवायचे, शेवटी काय सिद्ध झाले त्यावरून नाही, असे लॉर्ड राइट यांनी सांगितले. तर्काला ते धरून आहे. पण व्यवहारात त्याचा अर्थ असा की, सरकारने सद्भावनेने कटाचा आरोप ठेवला की त्या धाग्यात अनेक माणसे आणि अनेक कृत्ये ओवता येतात, आणि पुढे कट सिद्ध झाला नाही तरी ओवणे बेकायदा ठरत नाही. मग १९५५ साली संसदेने ५३७ व्या कलमात दुरुस्ती करून दोषारोपांची चुकीची जुळणी हीसुद्धा पोटात घालण्याजोगी चूक ठरवली, मात्र न्यायाची हानी झाली असेल तर गोष्ट वेगळी. १९०१ चा निकाल त्या शब्दांनी मागे पडला. त्याच वर्षी विली स्लेनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोषारोपातल्या चुकांचा एकूणच विचार केला. त्यातले गाजलेले निकालपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचे, म्हणजे नागपूर उच्च न्यायालयाच्या माजी मुख्य न्यायाधीशांचे. प्रक्रियेचे नियम न्यायासाठी आहेत, न्याय अडवण्यासाठी नाहीत, आरोपीला आपल्यावर काय आरोप आहे हे कळले का आणि त्याला बचावाची खरी संधी मिळाली का, ते पाहा, असा त्यांचा रोख होता. बोस यांची न्यायबुद्धी आणि आरोपीविषयीची कणव यांबद्दल शंका नाही. पण ‘नुकसान झाले का?’ हा प्रश्न अपिलात विचारला की उत्तराचा भार शिक्षा झालेल्या माणसावर येतो, आणि जुळणीच्या बाबतीत ते उत्तर देण्याचे साधन त्याच्याकडे नसते.

पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे ज्यूरीच्या काळातले भय आहे. अनुभव नसलेले नऊ गृहस्थ आरोपांच्या संख्येने बावचळतील, प्रशिक्षित न्यायाधीश नाही. १९५९ च्या नानावटी खटल्यानंतर ज्यूरीची पद्धत आपल्याकडे मागे पडत गेली आणि १९७३ च्या संहितेत तिला जागाच उरली नाही. आक्षेपात तथ्य आहे. न्यायाधीशाला कारणे लिहावी लागतात, ज्यूरीला लागत नव्हती. पण १९७३ च्या संहितेने ज्यूरी काढली तेव्हा स्वतंत्र चौकशीचा नियम काढला नाही. तो २१८ व्या कलमात पुन्हा लिहिला. नियम फक्त ज्यूरीसाठी असता तर तिच्याबरोबर गेला असता. शिवाय न्यायाधीशाचे मन घडते ते खटल्याच्या महिन्या-महिन्यांत, कधी वर्षा-वर्षांत, साक्षीदारामागून साक्षीदार ऐकताना. पिंजऱ्यातला माणूस चोरीबद्दलही उभा आहे आणि वर्षापूर्वीच्या मारहाणीबद्दलही, हे रोज पाहणाऱ्याचे मन घट्ट कप्प्यांचे असते, असे मानायला मला तरी आधार दिसत नाही. आणि बचावाची ओढाताण तर ज्यूरी असो वा नसो, तशीच राहते. एका आरोपात आरोपीला स्वतः साक्षीला उभे राहायचे असते, दुसऱ्यात गप्प बसण्याचा हक्क वापरायचा असतो. खटला एक असेल तर त्याला एकच वाट धरावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खटले तुंबले आहेत, साक्षीदारांना पुन्हा पुन्हा बोलावणे हा छळ आहे, विशेषतः अत्याचार सोसलेल्या बाईला किंवा मुलाला तीच कहाणी तीन कोर्टांत सांगायला लावणे अमानुष आहे. हे खरे आहे, आणि जो नियम अशी सक्ती करील तो वाईटच. पण हा नियम ती सक्ती करत नाही. एका व्यवहारात घडलेले गुन्हे एकत्र चालावेत ही सोय जुन्या संहितांपासूनच आहे आणि माझा वाद तिच्याशी नाही. सहकारी पतसंस्थेच्या सचिवाच्या अफरातफरीचे उदाहरण घ्या. कीर्दीत भरणा दाखवलेला नाही, ठेवीदाराच्या पासबुकात मात्र शिक्का आहे, पावतीच्या स्थळप्रतीवर रक्कम खोडलेली आहे. तीन कागद, विश्वासघात, बनावट दस्तऐवज आणि खोटे हिशेब अशी तीन कलमे, पण व्यवहार एक. त्याचे तीन खटले करणे मूर्खपणा ठरेल आणि कायदा ते मागतही नाही. त्याच सचिवाने तीन वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात शेजाऱ्याला मारले असेल, तर ते त्याच खटल्यात आणू नका, एवढेच कायदा म्हणतो. त्या मारहाणीचे साक्षीदार वेगळे, पुरावा वेगळा. एकत्र चालवून एकाही साक्षीदाराची फेरी वाचत नाही. वाढतो तो एवढाच समज की हा माणूसच वाईट चालीचा.

तिसरा आक्षेप आरोपीच्या बाजूने येतो आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. वेगवेगळे खटले म्हणजे दुप्पट खर्च, दुप्पट काळ आणि सरकारला दोन संधी. विनायक दामोदर सावरकरांचे उदाहरण पाहा. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. सावरकरांवर ज्यूरीविना बसलेल्या विशेष न्यायाधिकरणापुढे, स्कॉट, चंदावरकर आणि हीटन या तीन न्यायमूर्तींपुढे, दोन खटले चालले. कटाच्या खटल्यात डिसेंबर १९१० मध्ये जन्मठेप झाली आणि जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याच्या खटल्यात जानेवारी १९११ मध्ये दुसरी जन्मठेप. दोन्ही एकामागून एक भोगायच्या, म्हणजे पन्नास वर्षे. वेगळ्या चौकशीने त्यांना काय दिले? न्यायमंडळ तेच असेल आणि पहिला निकाल ताजा असेल, तर खटले दोन असूनही मन एकच राहते. म्हणून नुसते खटले सुटे केले की न्याय झाला, असे मी म्हणत नाही. हा आक्षेप नियम मोडायला सांगत नाही, नियम कोणाच्या हातात असावा ते सांगतो. १९७३ च्या कायदेकर्त्यांनी येथे चांगली सुधारणा केली. आरोपीने लेखी अर्ज करून आपले आरोप एकत्र चालवा असे म्हटले आणि त्यात त्याचे नुकसान नाही असे दंडाधिकाऱ्याला वाटले, तर ते एकत्र चालवता येतात. स्वतंत्र चौकशी हे आरोपीचे संरक्षण आहे, म्हणून ते सोडून देण्याचा अधिकारही त्याचाच.

वेगळ्या खटल्यातही दुसऱ्या कृत्याचा पुरावा मागच्या दाराने येतो, हेही विसरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या चौदाव्या आणि पंधराव्या कलमांनी हेतू किंवा अपघात नसणे दाखवण्यासाठी तशाच इतर कृत्यांचा पुरावा चालवून घेतला. टिळकांच्या खटल्यात ज्यांवर आरोप नव्हता असे ‘केसरी’चे इतर लेख हेतू दाखवायला वाचले गेले. घरझडतीत सापडलेले एक पोस्टकार्डही पुराव्यात आले, ज्यावर स्फोटक पदार्थांविषयीच्या पुस्तकांची नावे होती. मग खटले वेगळे झाले असते तर काय फरक पडला असता, असे कोणी विचारील. फरक असा की हेतूसाठी येणाऱ्या प्रत्येक कागदावर वाद घालता येतो. तो या आरोपाशी जोडलेला कसा, हे सरकारला सांगावे लागते. आणि न्यायाधीशाला ज्यूरीला किंवा स्वतःला बजावावे लागते की हा कागद एवढ्यापुरताच आहे. आरोपच एकत्र असले की हा वाद उद्भवतच नाही, सगळे कागद हक्काने आत येतात.

२०२१ मध्ये नसीब सिंग यांच्या खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी हे सारे सूत्र नीट बांधले. स्वतंत्र चौकशी हा नियम, एकत्र चौकशी हा अपवाद. एकत्र की वेगळी हे खटल्याच्या आरंभी ठरवायचे, निकाल पाहून नाही. आणि अपिलात विचार करायचा तो आरोपी किंवा पीडित यांचे नुकसान झाले का, एवढाच. आरंभी ठरवा, हे अगदी योग्य. पण आरंभी ठरवताना न्यायालयाने काय करावे याबद्दल कायदा अजून मुका आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. २३३ वे कलम आता २४१ झाले, आणि शतकाहून अधिक काळ टिकलेली तीन गुन्ह्यांची मर्यादा २४२ व्या कलमात पाच झाली. टिळकांच्या वेळी तीनांची चौकट होती, आज त्याच वर्षभरातले पाच आरोप एकत्र बसतात. संख्या वाढली तशी कारणे लिहिण्याची सक्ती वाढली असती तर माझी तक्रार निम्मी झाली असती. दोषारोप ठेवताना न्यायालयाने कारणे नोंदवलीच पाहिजेत असे बंधन आजही नाही, आणि हे अपवाद ‘एकत्र चालवता येतील’ असे म्हणतात, ‘चालवावेत’ असे नाही. म्हणजे आरोप अपवादात बसत असले तरी ते वेगळे चालवण्याचा अधिकार न्यायाधीशाकडे आहे आणि आरोपीला तो वापरण्याची मागणी करता येते. त्या मागणीवर दोषारोप ठेवण्याच्या दिवशीच, साक्षीदार पिंजऱ्यात येण्याआधी, कारणांसह लेखी आदेश मिळाला पाहिजे, आणि कोणते साक्षीदार व कोणता पुरावा दोन्ही आरोपांना सामाईक आहे ते सरकारने त्यात दाखवले पाहिजे. अपिलातल्या न्यायाधीशाला मग आरोपीच्या नुकसानीचा अंदाज बांधत बसावे लागणार नाही. त्याला तो आदेश तपासता येईल.